तबेल्यातलं घड्याळ

माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक प्लॅस्टिकची डबी असते. त्यात पाण्यातले क्षार मोजायच्या पट्ट्या. मासे पाळणारे लोक त्या वापरतात आणि मीही त्या मासेवाल्या दुकानातूनच घेतो. माझ्या घरी भलंमोठं मत्स्यालय असणार, अशी दुकानदाराची बरेच दिवस समजूत होती. या पट्ट्या मी घोडीच्या दुधात बुडवतो असं सांगितलं, त्या दिवशी तो नोटा मोजायचा थांबला, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि काही न बोलता सुट्टे परत दिले.

घोडी गाभण राहिल्यापासून साधारण ११ महिन्यांनी, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास व्यायते. पण हा ‘आसपास’ फार लांबरुंद आहे. ३२० दिवसांना व्यालेल्या घोडीचं शिंगरू धडधाकट असू शकतं आणि पुरं वर्ष काढणारी घोडीही ठणठणीत असते. त्यामुळे कॅलेंडरवर केलेल्या खुणेचा उपयोग एवढाच, की त्या महिन्यात कुठल्या लग्नाला जायचं नाही हे कळतं. तीन-चार आठवडे आधी कास भरायला लागते, शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब गोठतात. काही घोड्यांच्या सडांवर हे मेण दिसतच नाही. म्हणून या पट्ट्या. व्यायची वेळ जवळ आली की कासेतल्या दुधात कॅल्शियम झपाट्याने वाढतं. एक भाग दूध, सहा भाग शुद्ध पाणी, त्यात पट्टी बुडवायची. एकेक चौकोन रंग बदलत जातो. सगळे बदलले की पुढचे एक-दोन दिवस तबेल्यातच झोपायचं.

वाघोलीत बकोरी फाट्याच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या आबांना मी हे सगळं दोनदा समजावून सांगितलं होतं. गेल्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, “डॉक्टर, चारी चौकोन लाल झाले. आजच व्यायची.” आबा, मावशी आणि नातू असे तिघं तीन रात्री आळीपाळीने जागले. घोडी निवांत कडबा खात उभी. चौथ्या दिवशी मी गेलो, पट्टी स्वतः बुडवली. एकही चौकोन हलला नाही. “आबा, पाणी कुठलं घातलंत?” “आपल्या बोअरचं. एकदम स्वच्छ हाय.”

वाघोलीचं बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं. त्यात पट्टी नुसती बुडवली तरी सगळे चौकोन रंगतात. त्या हिशेबाने बोअरच व्यायला टेकली होती. मग गॅरेजातून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणून दिली. ती अजून त्यांच्या देवळीत आहे, तिच्यावर नातवाने स्केचपेनने ‘घोडीचे पाणी’ असं लिहिलंय.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला लोक विचारतात. गाई-म्हशींवर हात बसलेले तर हमखास विचारतात. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तिथं हाताखालून गेलेल्या केसेस बहुतेक गाईम्हशींच्याच. म्हैस अडली तर शेतकरी संध्याकाळी फोन करतो, तुम्ही जेवून निघालात तरी चालतं, रात्रभर खटपट करून पहाटे रेडकू जिवंत निघालेलं मी पाहिलेलं आहे. गाय वेळ देते. घोडी देत नाही. पाणमोट फुटली की २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर पडलं पाहिजे. अर्धा तास उलटला तर ते जिवंत मिळण्याची आशा मिनिटागणिक आटत जाते. त्यात दहातल्या आठाहून जास्त घोड्या रात्रीच व्यायतात, तेही आजूबाजूला कुणी नाही असं बघून. माणसं टक लावून बसली असली तर घोडी कळ लांबवते. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात की मोकळी होते.

आणि मी राहतो चंदननगरला. ज्यांना नगर रस्ता माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चंदननगर ते केसनंद फाटा हे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत आली, पण त्याच्या आधीपासूनच हा रस्ता गावाच्या मापाचा राहिलेला नव्हता. दिवसा कंपन्यांच्या बसा, रात्री खडीचे डंपर आणि ट्रेलर. रात्री दोनला रस्ता मोकळा असेल असं समजून निघावं, तर फाट्यावर एखादा ट्रेलर वळताना आडवा अडकलेला.

या सिमेंटच्या जंगलात घोड्या आहेत तरी कुठं, हाही एक नेहमीचा प्रश्न. आहेत, चांगल्या आहेत. वाघोली हे पिलाजी जाधवरावांचं गाव. शाहू छत्रपती आणि बाजीरावांच्या काळातला हा सरदार, त्याची समाधी वाघेश्वराच्या देवळाजवळ आहे. ज्याचं सगळं आयुष्य घोड्यावर गेलं त्याच्या गावात पागा नव्हती असं कसं म्हणायचं? पलीकडे नदी ओलांडली की हडपसर-मांजरीचा पट्टा, तिथं शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते. पूनावालांचा स्टड फार्म १९४६चा. तिथल्या थरोब्रेड घोड्यांची दुनिया वेगळी. देशात कुठंही कधीही जन्मलेलं शिंगरू कागदावर १ जानेवारीलाच वर्षाचं होतं, म्हणून जितकं जानेवारीच्या सुरुवातीला जन्माला येईल तितकं चांगलं. त्यासाठी हिवाळ्यात घोड्यांच्या ठाणावर रात्री उशिरापर्यंत दिवे लावतात. दिवस मोठा झाला असं वाटून घोडी लवकर माजावर येते. कृत्रिम रेतन तिथं चालत नाही, जगात कुठंच चालत नाही. बापाची खात्री डीएनएवरून होते आणि नोंद पुण्यातल्याच स्टड बुकात.

आमच्या वाघोलीच्या घोड्या यातल्या नव्हेत. एक जात वरातीची. ती बहुधा नुकरा, पांढरीशुभ्र. नगर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांवर तिचं पोट. दुसरी शर्यतीच्या घाटातली. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बैलगाड्याच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, बैल तिच्या मागे सुटतात. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली तेव्हा माझ्या माहितीतल्या कित्येक घोड्या मिळेल त्या किमतीला गेल्या. डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि त्याच लोकांचे फोन पुन्हा सुरू झाले. तिसरी जात शौकाची. जमीन विकली की आधी गाडी येते, मग बंगला, मग मारवाडी घोडी, आत वळलेल्या कानांची. हे लोक घोडी घेताना भोवरे मोजतात, पाय पांढरे किती ते बघतात, देवमण नावाचा शुभ भोवरा आहे का विचारतात. धनुर्वाताची लस टोचलीय का, हे मात्र मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

शिक्षण संपल्यावर दोन हंगाम मी एका स्टड फार्मवर रात्रपाळीला होतो. तिथं डॉक्टर मी होतो, पण शिकवलं एका म्हाताऱ्या मोतद्दाराने. तो घोडीच्या अंगाला हात न लावता, दारात पोत्यावर बसून, फक्त तिच्या शेपटीकडे आणि घामाकडे बघून सांगायचा, “आज नाही. झोपा साहेब.” शिंगरू बाहेर येताना आधी एक पाय, मग थोडा मागे दुसरा, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. हे तीन दिसले की तो हात मागे बांधून उभा राहायचा. नाळ कधी कापू द्यायचा नाही. घोडी उठली की आपोआप तुटते, तोवर वारेतलं रक्त शिंगरात उतरतं, ही त्याची समज. पुस्तकात शोधायला गेलो तर तिथंही तेच निघालं.

मग मी माझा व्यवसाय सुरू केला आणि गावोगावच्या मालकांना एकच वाक्य सांगत सुटलो: “कशाला हात लावू नका, मी आलोच.” शहाणपणाचं वाक्य वाटायचं मला ते. अर्धवट माहितीवर कुणी पाय ओढले, तेल ओतलं, हात घातला, तर नुकसानच जास्त. दोन वर्षं ते वाक्य चाललं. एका रात्री लोणीकंदच्या अलीकडून फोन आला. घोडी बसलीय, काहीतरी लाल बाहेर आलंय. मी पायात चप्पल सरकवतानाच ते वाक्य म्हणालो आणि निघालो. फाट्यावर ट्रेलर आडवा होता. पोचायला ४० मिनिटं लागली.

घोडीने सगळं शेवटपर्यंत एकटीने केलं होतं. मागे लाल मखमलीसारखी बंद पिशवी पडलेली, तिच्या आत पूर्ण वाढलेलं शिंगरू. गरम होतं. मालक बाजूला उभा, हात खरोखरच मागे बांधलेले. “तुम्ही म्हनलात तसं कुनीच हात नाय लावला,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब बरोबर दिला, असा आवाज होता तो.

काय झालं होतं ते सांगतो. एरवी वार गर्भाशयाला चिकटलेलीच राहते, तिला आतून चीर पडते आणि त्या चिरेतून निळसर पांढऱ्या पातळ पडद्यात गुंडाळलेलं शिंगरू बाहेर येतं. पांढरं दिसलं तर बहुतेक सगळं ठीक. पण कधी कधी वारच आधी सुटते आणि न फाटता पुढे येते. वार सुटली की आईकडून मिळणारा प्राणवायू बंद आणि पिशवी बंद म्हणून बाहेरची हवाही बंद. अशा वेळी कात्री, ब्लेड, विळा, जे हाताला लागेल त्याने ती लाल पिशवी तिथल्या तिथं कापायची असते. डॉक्टरची वाट बघायची नसते. मी नेमकं उलटं सांगून ठेवलं होतं.

पोटातल्या शिंगराच्या खुरांना खाली मऊ, पिवळसर, बोटांसारखी झालर असते. आईचं गर्भाशय फाटू नये म्हणून ती सोय. जन्मल्यावर उभं राहून चार पावलं टाकली की ती झिजायला लागते, दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाही. त्या शिंगराच्या चारी खुरांची झालर जशीच्या तशी होती. टॉर्चच्या उजेडात मी ती बघत बसलो, कारण मालकाकडे बघायचं नव्हतं. फी त्याने पुढे केली. मी घेतली नाही, त्यावरून तो बिचारा उलट ओशाळला.

ते वाक्य मी त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी आता आठव्या महिन्यातच जातो आणि तास-दीड तास घालवतो. तपासणीला दहा मिनिटं, बाकी सगळं घरच्यांसाठी. विशेषतः घरातल्या बाईसाठी, कारण रात्री दोनला जागं कोण असतं हे मला आता कळलंय. खुंटीला एक पिशवी टांगायला लावतो: बोथट टोकाची कात्री, स्वच्छ टॉवेल, नाळेसाठी पातळ केलेलं क्लोरहेक्झिडिन. आणि भिंतीवर चालू घड्याळ. घड्याळाला सगळे हसतात. पण घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास वाटतात आणि आशेवर असलेल्याला अर्धा तास म्हणजे पाच मिनिटं. पिशवी पांढरी दिसली तर थांबा, लाल दिसली तर कापा, एवढं मी त्यांच्याकडून पाठ करून घेतो.

आबांच्या घोडीची ही आधीची खेप, दोन वर्षांपूर्वीची. पहाटे सव्वातीनला व्हिडिओ कॉल आला. अंधार, हलणारा टॉर्च, पलीकडून मावशींचा आवाज, “डॉक्टर, लाल हाय.”

“मावशी, कात्री घ्या. कापा.”

“वार हाय ओ ती. मी कशी कापू?”

“कापा म्हणतो ना. नंतर मला शिव्या द्या.”

पडद्यावर नुसता अंधार. मग पाणी सांडल्याचा आवाज आणि आबांचा ओरडा, पाय दिसले म्हणून. मी गाडी चालू करता करता सांगत होतो: कळ आली की ओढा, कळ गेली की थांबा, सरळ नको, खाली घोडीच्या टाचांकडे ओढा. सहा मिनिटांत शिंगरू जमिनीवर. मी त्या वेळी कुठं होतो? खराडी बायपासच्या सिग्नलला.

पोचलो तेव्हा ते श्वास घेत होतं, पण त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. प्राणवायू कमी पडलेली शिंगरं अशीच वागतात. उभं राहिलं, पण आईच्या कासेकडे जाईना. भिंत चाटत होतं, माझ्या पँटचा खिसा चोखत होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन मॅडिगन यांनी अशा शिंगरांसाठी एक साधी युक्ती रूढ केली आहे. छातीभोवती मऊ दोराचे वेढे घालून २० मिनिटं बेताने आवळून धरायचं. जन्मवाटेतून येताना जो दाब पडतो त्याची नक्कल. दाबाने शिंगरू झोपी जातं, सोडलं की जणू पुन्हा जन्मतं. दरवेळी चालतं असं नाही, माझ्याकडे दोनदा चाललेलं नाही. त्या पहाटे बैलाचा सुती कासरा होता तोच वापरला. आबांनी घड्याळ धरलं. २० मिनिटांनी कासरा सोडला. शिंगरू पडून राहिलं, मग कान हलवले, उठलं, आणि या वेळी भिंतीकडे न जाता पोटाखाली शिरलं.

तरी लढाई निम्मीच होते. माणसाच्या बाळाला पोटातच आईकडून थोडंफार रोगबळ मिळतं. घोडीची वार त्या बाबतीत अगदी बंद दार. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात स्वतःचं संरक्षण जवळजवळ शून्य. जे मिळायचं ते चिकातूनच, आणि ते शोषून घेणारं आतडंही एक दिवसात मिटतं. पहिले सहा-आठ तास खरे. आपल्याकडे चिकाबद्दल दोन टोकं आहेत. गाईम्हशीचा चीक म्हटला की खरवस, वासराला मिळो न मिळो. घोडीचा चीक कुणी खात नाही, तर “जड असतो, शिंगराला ढाळ लागंल” म्हणून जमिनीवर पिळून टाकणारे मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही. नुसतं सांगतो, तीच लस आहे, बाटलीत मिळाली असती तर हजारो रुपये पडले असते. पैशाचं उदाहरण लगेच पटतं.

चीक भरपूर असलेल्या घोडीकडून, तिचं शिंगरू पोटभर प्यायल्यावर, पाव लीटर काढून ठेवायची सवय मी चार-पाच मालकांना लावली आहे. आबांच्या पुतण्याचं कुल्फीचं दुकान आहे, त्याच्या डीप फ्रीजरमध्ये मँगो मटक्यांच्या खाली अशा दोन बाटल्या झोपलेल्या असतात. वर तारीख. एका अनाथ शिंगराला त्यातली एक उपयोगी पडली. कोमट पाण्यात ठेवून हळूहळू वितळवायची, उकळतं पाणी चालत नाही. पुतण्याची एकच अट आहे: गिऱ्हाइकांना सांगायचं नाही. म्हणून दुकान कुठलं ते लिहीत नाही.

व्यायच्या महिनाभर आधी घोडीला धनुर्वाताची लस द्यायची तीही या चिकासाठीच. तबेल्याच्या लिदीत हे जंतू असतातच, आणि ओली नाळ म्हणजे त्यांना उघडी खिडकी. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर दुसरं क्वचितच असेल. आणि याच घोड्याच्या रक्तातून माणसांसाठी धनुर्वातावरचं सीरम बनत आलं. पूनावालांचे म्हातारे झालेले घोडे त्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जायचे. त्यातूनच १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. करोनाच्या काळात सगळं जग त्या नावाकडे बघत होतं, तेव्हा मी दर तबेल्यात हीच गोष्ट सांगून एक-एक घोडी टोचून घेत होतो. प्रचाराला असा मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही.

तर बोअरच्या पाण्याच्या त्या फजितीनंतर तिसऱ्या आठवड्यात आबांच्या घोडीच्या दुधाने बॅटरीच्या पाण्यातही चारी चौकोन रंगवले. दुसऱ्या रात्री मला फोन आला तो साडेतीनला, आणि तोही “व्याली” एवढाच. मी सकाळी सहाला पोचलो. रस्ता त्या दिवशी चक्क मोकळा होता.

मावशींनी घड्याळाखाली भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं होतं. पानी २.१०. आलं २.२६. उबं ३.०५. प्यालं ३.५०. वार ४.४०. जन्मल्यावर तासात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार, हे गणित मी त्यांना कधीतरी बोटांवर करून दाखवलं होतं. काळी लीद पडली का, विचारलं. तीही पडली होती, फक्त वेळ लिहायला त्यांना लाज वाटली.

“मग तुमाला कशाला बोलावलं म्हना,” आबा म्हणाले.

वार बघायला. घोडीच्या वारेचा तुकडा आत राहिला तर गाईसारखं चार दिवस थांबून चालत नाही. विष रक्तात जातं, ताप येतो आणि घोडी पाय धरून बसते, खुरांच्या आतून. अंगणात कुणा दादांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स होता, तो उलटा अंथरला. तरी कडेने ‘हार्दिक शुभेच्छा’ दिसत राहिल्या. वार विजारीसारखी असते, एक पाय लांब, एक आखूड. राहतं ते बहुधा आखूड पायाचं टोक. मी नळी लावून त्या पायात पाणी सोडलं. कुठं गळतं का, दोन्ही टोकं शाबूत आहेत का, बोटांनी चाचपत गेलो. आबा टॉर्च धरून उकिडवे बसले, उजाडलेलं असूनही.

मध्येच कुणीतरी माझ्या पाठीला धडक दिली. शिंगरू आईला सोडून फ्लेक्सवर आलं होतं, चारी पाय फाकवून, ओल्या कागदावर घसरत. मी त्याचा पुढचा एक पाय उचलून खूर बघितला. झालर निम्मी झिजली होती.